मोहात पुन्हा पुन्हा पडतो, मग माझा विश्वास खोटा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. पांढरकवड्याकडच्या एका गावातला २७ वर्षांचा विश्वासणारा तरुण लिहितो: बाप्तिस्मा घेऊन चार वर्षं झाली. घरी चार एकर शेती आहे. कापसाच्या हंगामात तो गावातल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर वजन करायला असतो. मालक सांगतो, क्विंटलमागे दोन किलो मार, आणि तो मारतो. रात्री शेत राखायला जागलीवर गेला की मोबाइलवर नको ते पाहतो. क्रिकेटच्या सट्ट्यात दोनदा पैसे घालवले. रविवारी उपासनेत रडू येतं आणि सोमवारी पुन्हा तेच. “मी ढोंगी आहे का? जगापासून दूर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?”

भाऊ, प्रभू येशूच्या नावात सलाम.

ढोंगी माणूस असं पत्र लिहीत नाही. तो काट्यावरचे दोन किलो मारतो आणि रविवारी पहिल्या रांगेत बसतो, त्याला रडू येत नाही. तुला येतं, म्हणजे आत कोणीतरी जागं आहे. पण मी तुला घाईनं धीर देणार नाही. कारण ते दोन किलो एकट्या तुझ्या मनाचा प्रश्न नाहीत. वीस क्विंटल कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याचे त्यात चाळीस किलो जातात. सात हजारांचा भाव धरला तर २,८०० रुपये. कुणाच्या तरी घरची ती फवारणी असते, कुणाच्या लेकीची फी असते. आपल्याकडे म्हणतातच, मापात पाप. खोट्या तराजूचा देवाला वीट येतो, हे नीतिसूत्रांत लिहिलेलं तू वाचलंच असशील. म्हणून आधी तुझ्या मनाचं बोलू आणि मग काट्याकडे येऊ. काटा मी सोडणार नाही.

मी यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांना शिकवणाऱ्या संस्थेत, शिकलो. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, त्याआधीच्या शेवटच्या काही तुकड्यांतला मी. तिथं आम्हाला बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय ग्रीकमधून शिकवला होता, तरी मला तो कळला नव्हता. तो मला पुढं कळला झरीकडच्या एका पोडावर, कोलामांच्या वस्तीवर. एक कोलाम आजोबा नुकतेच विश्वासात आले होते. पूर्वी ते दारू गाळायचे. एक दिवस म्हणाले, चला, दाखवतो. नाल्याच्या काठाला पळसाच्या पानांखाली एक ड्रम पुरलेला होता. त्यांचा नव्हता, दुसऱ्या कुणाचा. त्यांनी पानं बाजूला करून झाकण उचललं. आत मोहफुलांचा सडवा, दारूसाठी भिजवून आंबत ठेवलेली फुलं. वर तांबूस फेस आलेला, मधूनमधून एखादा बुडबुडा फुटायचा, आणि तो आंबूस-गोड वास थेट डोक्यात जाणारा. आजोबा म्हणाले, “पास्टरसाहेब, फुलं येचतानी कोनी धरत नाय. भट्टी पेटली का धरते. पन दारू त या मधल्या दिवसातच होते.”

आपल्या भाषेत झाडालाही मोह म्हणतात आणि मनाच्या ओढीलाही मोह. दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं आहे, हे मला ठाऊक आहे. तरी त्या ड्रमपाशी मला याकोबाचं वचन समोर दिसलं. तो म्हणतो, प्रत्येक जण आपल्याच वासनेनं ओढला जातो, भुलवला जातो. मग वासना गर्भवती होते आणि पापाला जन्म देते. आणि पाप वाढून मरणाला जन्म देतं. गर्भाला दिवस लागतात. सडव्यालाही लागतात.

मोहाचं फूल वाईट नाही. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली ती पिवळट, रसाळ फुलं पडतात. बायाबापे टोपल्या घेऊन वेचतात, अंगणात वाळवतात. ती भाजून खातात, वाईट साली त्यांच्यावर कित्येक घरं जगली आहेत. देवानं दिलेलं अन्न आहे ते. तसंच तुझ्या शरीराची ओढ, घरात दोन पैसे जास्त यावेत ही इच्छा, चार मित्रांत मान असावा ही इच्छा, यातलं काहीही सैतानानं तयार केलेलं नाही. येशूला अरण्यात भूक लागली होती. भूक पाप नव्हती. मोह आला म्हणून तू पापी ठरत नाहीस. इब्री लोकांस पत्रात येशूविषयी लिहिलं आहे की तो सर्व बाबतींत आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. प्रश्न फुलाचा नाही. ते तू कशात भिजत घातलंस आणि कशाखाली झाकलंस, हा प्रश्न आहे.

आता तुझ्याच गोष्टीत बघ. जागलीवर तू फोन उघडतोस ती झाली भट्टी. सडवा त्याच्या आधीचा. संध्याकाळी चार वाजता तू चार्जिंग किती आहे ते पाहतोस. इअरफोन खिशात टाकतोस. आई विचारते, आज भाचा येतो म्हणतो जागलीला, नेशील का? तू म्हणतोस, कशाला, थंडी आहे, झोपू दे त्याला. ठरलं तिथंच. सट्ट्याचंही तसंच. मॅचच्या दोन दिवस आधीपासून तू मनात आकडे मांडत असतोस, पण कुणाला बोलत नाहीस. रात्री अकराला तू गुडघे टेकून म्हणतोस, प्रभू मला वाचव. तो ऐकतो, यात शंका नाही. पण ही प्रार्थना चार वाजता करायची होती, आणि तिचं उत्तर तो भाचा होता.

यहोशवाच्या पुस्तकातला आखान आठव. यरीहो शहर पडल्यावर त्यानं देवानं मनाई केलेल्या लुटीतला एक सुंदर झगा, दोनशे शेकेल चांदी आणि सोन्याची एक वीट पाहिली. आपल्या तोंडानं कबूल करताना तो क्रमानं सांगतो: मी पाहिलं, मला लोभ सुटला, मी घेतलं, आणि ते माझ्या डेऱ्यात जमिनीत पुरलं. झगा पुरून ठेवला तर नेसणार कधी? तो झगा त्यानं एक दिवसही अंगावर घातला नाही. पुरलेल्या पापातून सुख फार कमी मिळतं, हे तुलाही अनुभवानं माहीत आहे.

मलाही आहे. ही गोष्ट मी मंडळीत उभा राहून सांगितलेली आहे, म्हणून इथंही सांगतो. नवीन पाळक होतो तेव्हा प्रार्थनागृहाच्या टिनांसाठी दान गोळा होत होतं. थैली माझ्याच घरी असायची, हिशेबाची वहीही माझ्याकडेच. घरात अडचण आली. मी त्यातून १,८०० रुपये उचलले. चोरी करतोय असं एकदाही वाटलं नाही, कारण मी स्वतःला सांगितलं होतं, पुढच्या महिन्यात परत ठेवीन. तीन महिने झाले. त्या तीन महिन्यांत मी उपदेश केले, लग्नं लावली, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. बाहेरून काही फरक नव्हता. आतून एवढाच झाला होता की मला शास्त्र स्वतःसाठी उघडवत नव्हतं. उपदेशापुरतं उघडत होतो. पावसाळा तोंडावर आला, टिना आल्या नाहीत, तेव्हा एका म्हाताऱ्या वडीलजनांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आत जाऊन पेन आणला, माझ्याच वहीत लिहिलं: पाळक, १,८००, देणे. खाली मला सही करायला लावली, स्वतः केली. म्हणाले, “आता हे उघड्यावर आहे.” दर महिन्याला दोनशे, असे नऊ महिने मी ते फेडले. त्या रविवारपासून आमच्याकडे दान दोघं मोजतात आणि दोघं सही करतात. आजही.

त्या दिवशी मला जे कळलं तेच तुला सांगायला एवढं लिहितोय. मोह झाकलेला असेपर्यंत वाढतो. त्याच्यावरचं झाकण दुसऱ्या माणसासमोर काढलं की त्याचं अर्धं बळ जातं. तू देवाला सगळं सांगतोस, हे मी मान्य करतो. पण माणसाला सांगत नाहीस. पौलानं करिंथकरांस लिहिलेलं वचन आपण भिंतीवर लावतो: देव विश्वसनीय आहे, तो तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडे होऊ देणार नाही, परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील. आपण ते एकट्यानं वाचतो, म्हणून निराश होतो. मूळ भाषेत तिथला ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. पौल एका तरुणाशी बोलत नाही, सबंध मंडळीशी बोलतोय. प्रभूनं शिकवलेली प्रार्थनाही तशीच आहे, “आम्हांला परीक्षेत आणू नकोस”. तिच्यात ‘मला’ कुठंच नाही. निभावण्याचा उपाय बहुतेक वेळा दोन पायांवर चालत येतो. तुझा भाऊ, तुझा पाळक, तुझ्या मंडळीतली एखादी म्हातारी आई.

आता जागलीकडे. तू शेतकरी आहेस, तुला रानडुक्कर कसं राखायचं हे मी शिकवायला नको. हरभऱ्यात डुक्कर घुसून अर्धा वाफा उकरून झाला, मग टॉर्च घेऊन धावलास तर काय हाती लागतं? शहाणा माणूस दिवसा उजेडी कुंपणाचं भगदाड पाहून ठेवतो, मचाण त्याच बाजूला बांधतो, आणि चाहूल लागायच्या आधीच डबा वाजवतो. गेथशेमाने बागेत येशूनं शिष्यांना हेच सांगितलं: परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा आणि प्रार्थना करा, आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे. पडल्यावर जागे व्हा, असं तो म्हणाला नाही. ते झोपले, आणि त्याच रात्री पळाले.

तेव्हा जागलीला बटनाचा साधा फोन ने. मोठा फोन आईच्या खोलीत चार्जिंगला राहू दे. आईला कारण सांगायची गरज नाही. इथंच ठेवतो म्हण, ती समजून घेईल. एकटा जाऊ नकोस. येशूनं शिष्यांना पाठवलं तेही दोघा-दोघांना. शेजारच्या धुऱ्यावर कोण असतो? त्याच्या मचाणावर जाऊन बस, तो विश्वासणारा नसला तरी चालेल, माणूस जवळ असला की पुष्कळ भागतं. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पडद्यावरची बाई पडद्यावर आहे म्हणून कुणाची लेक नाही, असं होत नाही. तिला तिथं कोणी कसं आणलं, तुला माहीत नाही. त्या रात्री तिच्यासाठी प्रार्थना करून बघ. ज्या माणसासाठी आपण मनापासून प्रार्थना करतो, त्याला वस्तूसारखं पाहणं जड जातं.

सट्ट्याविषयी फार लिहीत नाही. पैसे नेण्या-आणण्याचं ॲप फोनमधून काढ, आणि जो मुलगा तुझा आकडा लावतो त्याला तोंडावर सांग की मी बंद केलं. मनातल्या मनात बंद केलेलं बंद होत नाही.

जगापासून दूर राहण्याचा तुझा प्रश्न मला फार जण विचारतात, बहुतेक पोळ्याच्या आसपास. प्रेषित योहान आपल्या पत्रात म्हणतो, जगावर प्रीती करू नका, आणि लगेच जग म्हणजे काय तेही सांगतो: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. यात शेजाऱ्याचं नाव नाही. ज्या जगावर देवानं एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला, त्यातच तुझं गाव येतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलाचे खांदे शेकतात, हळद-लोणी लावतात, आणि म्हणतात, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” मी पूजा करत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी चोळताना मला काही चुकल्यासारखं वाटत नाही. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असं वचन आहे. मी अशी विश्वासणारी माणसं पाहिली आहेत जी पोळ्याच्या दिवशी दार लावून बसतात आणि सोयरिकीच्या बैठकीत हुंड्याचा आकडा ताणून धरतात. जग दाराबाहेर नव्हतंच. ते आत पाटावर बसलं होतं.

देमासचं नाव पौलाच्या पत्रांत तीन वेळा येतं. दोनदा तो पौलाचा सोबती, लूकच्या बरोबरीनं सलाम पाठवणारा. तिसऱ्यांदा पौल तुरुंगातून लिहितो की देमासला ऐहिक सुख प्रिय वाटलं आणि तो मला सोडून थेस्सलनीकास गेला. मधल्या काळाविषयी एक ओळ नाही. मला त्या न लिहिलेल्या दिवसांचीच धास्ती वाटते. पत्रात नाव आहे, सलाम जातोय, आणि आत सडवा मुरतोय.

आता काटा.

काही भाऊ तुला म्हणतील, मालकाचं पाप मालकाच्या माथी, तू नोकर आहेस. बोट तुझं आहे, भाऊ. आणि काही म्हणतील, ताबडतोब सोड, देव दुप्पट देईल. तेही मी म्हणणार नाही, कारण तसं वचन मला सापडत नाही. मिसरात गुलाम असलेला योसेफ आपल्या मालकाच्या, पोटीफराच्या, बायकोपासून अंगरखा टाकून पळाला. ती एक दिवस नाही, रोज त्याच्या मागं लागली होती, आणि रोज त्यानं नाही म्हटलं. त्याचं बक्षीस त्याला काय मिळालं? तुरुंग. देव तुरुंगातही त्याच्याबरोबर होता, असं शास्त्र सांगतं. विश्वासू राहिलास तर कापूस जास्त होईल, असं जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा. तोही वेगळ्या प्रकारचा सट्टाच लावायला सांगतोय.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि म्हणाले, आम्ही काय करावं? तो म्हणाला, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. नाका सोडा असं म्हणाला नाही. खोटं घेणं सोडा म्हणाला. तुलाही हाच क्रम सांगतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला मालकाकडे जा. चार लोकांसमोर नको, एकटा असताना. त्याला चोर म्हणू नकोस. एवढंच सांग: यंदा मी काट्यावर बसलो तर जितकं आहे तितकंच सांगणार, हे तुम्हाला चालणार असेल तर बसतो, नाहीतर मला गाडी भरायला ठेवा. गाडी भरण्याची मजुरी कमी आहे, मला माहीत आहे. तो हाकलूनही देईल. पण मी दोन व्यापारी असे पाहिलेत ज्यांनी असं ऐकल्यावर पुढं तिजोरीची किल्ली त्याच माणसाकडे दिली. तुझा मालक तसा निघेलच असं नाही, आणि त्या आशेवर तू जाऊही नकोस.

जे आधी मारलंस त्याचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण रात्री तेच तुला झोपू देत नसेल. जक्कय नावाचा जकातदार येशूला म्हणाला होता, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. तुझ्याकडे चौपट नाही. पण ज्या दोन-तीन घरांचा कापूस तू मोजला आणि ज्यांची अडचण तुला माहीत आहे, त्यांच्या वेचणीला एक-एक दिवस बिनमजुरीचा जा. कशासाठी आलास ते विचारलं तर खरं सांग. शिव्या बसतील. त्या ऐकून घे.

तुझ्या पाळकांना आणि वडीलजनांनाही माझा निरोप आहे. एखाद्या भावाला कपडे नाहीत, रोजचं अन्न नाही, आणि तुमच्यातला कोणी त्याला म्हणाला, सुखानं जा, ऊब घे, तृप्त हो, तर काय उपयोग, असं याकोब विचारतो. हा मुलगा काटा सोडणार असेल तर त्या हंगामात त्याच्या घरी ज्वारीचं एक पोतं आणि आईच्या शुगरच्या गोळ्या मंडळीतून गेल्या पाहिजेत. त्याच्यासाठी नुसतं गीत गाऊन भागणार नाही. आपण एकट्या माणसाला मोहाशी झुंजायला पाठवतो आणि तो हरला की त्याच्या विश्वासात खोट काढतो. हे मला बरोबर वाटत नाही.

आणखी एक सवय लावून घे. सैतानाला येशूनं तीन उत्तरं दिली, तिन्ही जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. अरण्यात त्याच्याजवळ शास्त्राची गुंडाळी नव्हती. त्याला ती वचनं तोंडपाठ होती. ती वचनंही अशा लोकांना दिलेली, जे चाळीस वर्षं अरण्यात वारंवार घसरले होते. तू आठवा अध्याय पाठ कर. रोज दोन ओव्या, डवरे हाकताना. बैलांना ऐकवत म्हण.

आणि पुन्हा पडलास तर? मी तुला पडणार नाहीस असं लिहून देत नाही. येशूला धरलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र यानं त्याला नाकारलं, तेव्हा पेत्र अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी हात शेकत उभा होता. योहानाच्या शुभवर्तमानात तशी कोळशाची शेकोटी पुन्हा एकदाच येते, अगदी शेवटी, सरोवराच्या काठावर. शिष्य काठावर येतात तेव्हा ती पेटलेली असते, तिच्यावर मासे ठेवलेले असतात, आणि येशू म्हणतो, या, जेवा. जिथं पेत्र पडला होता त्याच धुराच्या वासात त्याला तीनदा विचारलं गेलं, माझ्यावर प्रीती करतोस का? पहिला प्रश्न हिशेबाचा नव्हता. पहिली न्याहारी होती.

मंगळवारी मी पांढरकवड्याला येतो. दुपारी दोननंतर बस स्टँडवर असेन. तू ये, येताना एक कोरी वही आण. आणि दसऱ्याला मालकाकडे जायचं ठरलं की मला फोन कर. मी बरोबर येतो. आत येणार नाही. बोलायचं तुलाच आहे. मी दाराबाहेर थांबतो.